अर्धा पोपट

माझ्या बायकोला खरं सोनं आवडतं आणि मला खोटं. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, निदान एकाचा तरी शौक स्वस्तातला. पण माझ्या खोट्या दागिन्यांनी आमच्या झोपायच्या खोलीची एक अख्खी भिंत अडवली आहे, आणि नलिनीचं खरं सोनं बँकेच्या एका लॉकरात गुपचूप मावतं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने ठुश्या आणि बोरमाळा का जमवाव्यात, हे मी हल्ली कुणाला समजावत बसत नाही. मी त्या घालत नाही, एवढंच सांगतो.

मला लागतात ते जुने खोटे दागिने. मेणाने भरलेले पोकळ मणी, पितळी पत्र्याची वज्रटीक, नाटकातल्या राण्यांचे काचेचे कंठे. सोन्याच्या दागिन्यात निम्मं कौतुक सोन्याचं असतं. खोट्यात मात्र सगळी करामत हाताची. आणि तरी खऱ्यावर सोनार आपला शिक्का मारतो आणि खोटा घडवणारा निनावी राहतो. माझ्या कपाटातल्या एकाही वस्तूच्या कारागिराचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि ते मला मनापासून खुपायचं.

त्यातल्या त्यात जीव अडकला होता एका झुब्यात. झुबा म्हणजे कानात लोंबणारी छोटी घुमटी, खाली लाल काचमण्यांची झालर. जुन्या बाजारात टेपरेकॉर्डरच्या सुट्या भागांखाली तो मला सापडला, एकटाच. वरून सोनेरी वार्निश, पण उलटा धरून आत पाहिलं की गंमत दिसायची. कारागिराने तो चक्क पत्र्याच्या डब्याच्या झाकणातून कापला होता आणि झाकणावरचं रंगीत चित्र आतल्या बाजूला तसंच राहिलं होतं. लांब हिरवी शेपटी, पंखाचं टोक, आणि खाली 'हा' एवढं एकच अक्षर. उडत्या पोपटाचा मागचा अर्धा भाग! दोन्ही झुबे शेजारीशेजारी कापले असणार, म्हणजे डोकं दुसऱ्यात. ते डोकं जगात कुठेतरी आहे या विचाराने मी कितीदा कपाट उघडून बसलो असेन.

कोळवण खोऱ्यातून सुरेखाताई दरवर्षी आमच्या सोसायटीत इंद्रायणी तांदूळ घेऊन येतात. या खेपेला तांदळाबरोबर थोरल्या लेकीच्या लग्नाची पत्रिकाही आणली होती. चहा पिता पिता त्या मोबाइलवर गेल्या वर्षी लग्न झालेल्या पुतणीचे फोटो दाखवू लागल्या. नवरीच्या डाव्या कानात झुबा होता. उजवा कान मोकळा.

"दुसरा पडला का हिचा?" मी विचारलं.

"न्हाई वो सर. आमच्या वाडीत नवरी एकच घालती. डाव्या कानात. पोपट म्हनत्यात त्याला."

माझ्या बशीतला चहा पत्रिकेवर सांडला. "पोपट का म्हणतात?"

"आता का, ते कुणाला म्हाईत? नवरीला पोपट घातला का, असंच इचारत्यात. समद्या वाडीत मिळून योकच हाय, हौसाकाकीकडं. लगीन आलं की न्यायचा, झालं की परत द्यायचा. तुमी या की लग्नाला. वैनींना पन आना."

सुरेखाताई गेल्यावर मी लक्ष्मी रोड गाठला आणि नवरीसाठी नवाकोरा चकचकीत सेट घेतला. गळ्यातलं, कानातलं, बिंदी, सगळं मखमली डबीत. बेत सरळ होता. नवा सेट द्यायचा, जुना पोपट मागून घ्यायचा. नलिनीने डबी उघडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "आहेर आहे की आमिष?" एवढंच म्हणाली.

पौड

पुण्याहून पौडपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अर्धा वेळ एका सिमेंटच्या मिक्सरच्या मागे गेला. पौडात उतरून आधी मिसळ खाल्ली. मटकी बेताची, रस्सा मात्र असा की नलिनीने दोनदा डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. रस्सा पुन्हा येईपर्यंत मी खिशातून माझा झुबा आणि भिंग काढलं. प्रवासात तो नीट आहे ना, हे मला तासातासाला बघावं लागतं.

हॉटेलचे मालक गल्ला सोडून आमच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"पॉलिशवालं का तुमी?"

मला आधी कळलं नाही. मग उलगडा झाला. दागिने चमकवून देतो म्हणत गावोगाव फिरणारे आणि दागिन्यांसकट पसार होणारे भामटे या भागात येऊन गेले होते, आणि भिंग व झुबा घेऊन बसलेला अनोळखी माणूस दुसरा कोण असणार?

"नाही हो, मी जमवतो," मी म्हणालो. या वाक्याने प्रकरण आणखी बिघडलं.

"कुनाचं जमवता?"

मी नलिनीकडे पाहिलं. तिने पर्स उचलली. "मी यांना ओळखत नाही," ती म्हणाली आणि शेजारच्या टेबलावर जाऊन बसली. शेवटी मी लग्नाची पत्रिका काढून दाखवली. चहाच्या डागासकट ती वाचून झाल्यावर मालक हसले. "सुरेखाकडं चाललाय व्हय! मग आधी सांगायचं की." त्यांनीच आम्हाला कोळवणच्या जीपमध्ये पुढची जागा मिळवून दिली, आणि ड्रायव्हरला बजावलं, "पावनं हायेत, पन लक्ष ठेव."

कोळवणच्या खोऱ्यात शिरलं की एका बाजूला तिकोना किल्ला शेवटपर्यंत सोबत करतो. एप्रिलचा शेवट होता. भाताची खाचरं कोरडी पडलेली आणि मध्ये मध्ये राब भाजलेले काळे चौकोन, जिथे पुढे रोपं टाकायची. त्यांच्याच शेजारी पुण्याच्या लोकांची फार्महाऊस, उंच फाटकं आणि त्यावर इंग्रजी नावं. एका फाटकाबाहेर एक बाई पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकत होती. नलिनीने जीप थांबवायला लावली आणि चिकाने बोटं काळी होईपर्यंत आम्ही दोघांनी करवंदं खाल्ली.

वाडी, हळदीचा दिवस

सुरेखाताईंच्या अंगणात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता आणि मांडवाच्या खांबाला माझ्या उंचीचा स्पीकर. "आला का सर! वैनी, आत या, आत या," असं म्हणत बायकांनी नलिनीला ओढून नेलं आणि जात्यावर बसवलं. मला मिळाली खुर्ची. त्या खुर्चीवर माझ्याआधी कुणीतरी ओली हळद सांडली होती, हे मला उठल्यावर कळलं. पुढचे दोन दिवस मी मागून नवरदेव आणि पुढून निवृत्त शिक्षक असा वावरलो.

जेवायला तांदळाची भाकरी, वांग्याचं कालवण आणि सुकटीची चटणी. सुकट ताम्हिणीचा घाट चढून कोकणातून येते म्हणे. वास असा की लांबून वर्दी देतो. मी दोन भाकऱ्यांवर थांबायचं ठरवलं होतं, तो निश्चय चटणीने मोडला.

जेवताना बायकांच्या गळ्यांकडे आणि कानांकडे माझं लक्ष होतंच. आमच्याकडे कार्यालयातल्या लग्नात एक बाई दुसरीला बाजूला घेऊन कुजबुजते, "खरं का गं?" आणि दुसरी विषय बदलते. इथे माझ्या शेजारच्या आजींनी मी बघतोय हे पाहून पदर बाजूला केला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "खोटं हाय! पौडच्या बाजारातलं!" मला इतकं बरं वाटलं की मी आणखी एक भाकरी घेतली.

हौसाकाकी मात्र पंगतीत नव्हत्या. सुरेखाताईंच्या नवऱ्याची ही चुलती, सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. घराच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून त्या लसूण सोलत होत्या. हळदीच्या अंगणाकडे त्या फिरकल्याच नाहीत. विधवा बाईने पुढे यायचं नाही, हे कुणी न बोलता ठरलेलं. गळा मोकळा, हात मोकळे. डाव्या कानाचं भोक बुजून गेलेलं. उजव्या कानात केरसुणीची काडी. भोक बुजू नये म्हणून मुलींच्या कानात घालतात तशी काडी या वयात कशाला, असं माझ्या मनात आलं आणि गेलं.

दुपार उतरताना मी नवरीला डबी दिली. प्रतीक्षा हिंजवडीला एका कंपनीत कामाला आहे. तिने हळदीच्या हातांनी, बोटांची टोकं वर धरत झाकण उघडलं.

"सर! हे माझ्यासाठी? शालूला एकदम मॅचिंग आहे! आई, मी उद्या हेच घालणार. तो एका कानातला पोपट नको गं. मैत्रिणी विचारतात, दुसरा हरवला का. रीलमध्ये पण वेड्यासारखं दिसतं."

सुरेखाताईंनी पडवीकडे पाहिलं. "काकीला इचार बाई. त्यांचा हाय त्यो."

काकींनी सगळं ऐकलं होतं. लसणाची सालं झटकत त्या म्हणाल्या, "घाल की. लगीन तुझं, कान तुझं."

मग उठून त्या आपल्या घरात गेल्या आणि चिंधीची एक पुरचुंडी घेऊन आल्या. ती त्यांनी प्रतीक्षाकडे नाही, माझ्याकडे दिली.

"तुमाला जुनं आवडतं म्हनं. न्या मग ह्यो. पोरींना नको झालाय. माझ्यामागं कोन सांभाळनार त्याला?"

इतकं सोपं! मी आणलेली सगळी मिनतवारी तोंडातच राहिली. आभार मानून मी जवळजवळ पळतच गोठ्यामागे गेलो. झुबा तसाच होता, तीच घुमटी, तेच लाल मणी, वार्निश उडून चहाच्या रंगावर आलेलं. आत मात्र कापूस भरलेला, टोचू नये म्हणून. त्यामुळे आत काय आहे हे वाडीतल्या कुणी पाहिलंच नव्हतं. मी भिंगाच्या दांडीने कापूस काढला. लाल बाकदार चोच, गोल डोळा, आणि खाली 'च'.

मी दोन्ही झुबे शेजारी धरले. पोपट पुरा झाला. खाली अक्षरं जुळली: चहा. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. समोरची म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती, तिलाही मी पोपट दाखवला.

"सापडला?" मागून नलिनी म्हणाली. तिने दोन्ही झुबे निरखून पाहिले. "काकींना दाखवा ना. बिचाऱ्यांना ठाऊकही नसेल याला पोपट का म्हणतात ते."

मी गप्प बसलो असतो तर दोन्ही झुबे आज माझ्या कपाटात असते. पण अशी गोष्ट हातात असताना गप्प बसणं मला जमत नाही. मी पडवीत गेलो, काकींसमोर उकिडवा बसलो आणि जादूगारासारख्या दोन्ही मुठी उघडल्या. "काकी, बघा तुमच्या पोपटाची शेपटी!"

काकी हसल्या नाहीत. त्यांनी माझा झुबा उचलला, उलटा केला, शेपटीवरून बोट फिरवलं.

"कुटं घावला ह्यो?"

"पुण्यात. जुन्या बाजारात, खूप वर्षांपूर्वी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पुन्यातच न्हेला व्हता."

सुरेखाताई हातातलं ताट घेऊन दारात थांबल्या. त्यांच्यामागे हळदीने माखलेली प्रतीक्षा.

"आमच्या ह्यांनी केल्यात ह्ये," काकी म्हणाल्या. "माझ्या लग्नाला. पुन्यात खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात कामाला व्हतं. ठसा मारायचं. लग्नाला पितळंचा पत्रा न्हाई मिळाला, तवा घरचा च्याचा डबा कापला. मी बघितलं आन् लई हासली. म्हनलं, कानात च्या घालू व्हय? तवापून आमी दोगं पोपटच म्हनायचो. मग ज्या पोरीचं लगीन निगंल ती मागायला लागली. दोनी न्यायच्या तवा. जोड व्हता."

"मग दुसरा?" प्रतीक्षाने विचारलं.

"पुन्यात येका दुकानदाराला नमुना दावायचा व्हता. त्याला आवडलं तर घरीच धंदा करू, म्हनलं. एक माझ्यापाशी ठेवला, एक खिशात घातला. जोड फोडलाय, आता परत यावंच लागंल, असं म्हनलं आन् हासत गेलं." काकींनी झुबा मुठीत धरला. "तिकडंच कावीळ झाली. चार मान्सांनी गाडीत घालून आनलं. मानूस आला, झुबा न्हाई आला."

बाहेर स्पीकर चालूच होता. सुरेखाताईंनी आत वळून कुणाला तरी तो बंद करायला सांगितलं.

"पुढच्या साली जावंच्या लेकीचं लगीन निगालं. हळदीला तिनं इचारलं, काकी, दुसरा कुटं हाय? आता हळदीच्या दिशी मेलेल्या मान्साचं नाव कसं काढायचं? माझ्या तोंडाला आलं ते बोलले. म्हनलं, आमच्यात एकच घालत्यात."

"आन् आमी समद्यांनी घातला की वो!" सुरेखाताई म्हणाल्या. "मी घातला, जावंनं घातला. आमाला वाटलं रीत हाय! माझ्या सासूनं तर मला त्याचं कारन बी सांगितलं व्हतं. डावा कान नवऱ्याचा असतो म्हनून."

काकींना हसू फुटलं. मग सुरेखाताईंना, मग नलिनीला. प्रतीक्षा हसत नव्हती. तिच्या गालावरच्या हळदीतून दोन ओघळ खाली आले होते.

मी विचारलं, "काकी, काकांचं नाव काय?"

"आता मालकाचं नाव कसं घिऊ?" त्या लाजल्या, चक्क लाजल्या, आणि पदर तोंडाला लावला.

"सोपान," सुरेखाताईंनी सांगितलं. "सोपानकाका."

सोपान. माझ्या अख्ख्या कपाटातलं पहिलं नाव. मी ते मनात दोनदा म्हटलं. आणि त्याच वेळी मला कळून चुकलं की ज्याचं नाव मिळालं तो दागिना आता माझा राहिलेला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? कागदावर काढून काढून ज्याचं डोकं मी कल्पनेने रंगवलं होतं, तो पोपट जेमतेम तासभर माझ्याकडे पुरा होता. दुसरा झुबाही मी काकींच्या तळहातावर ठेवला.

"तुमी न्हेनार व्हता न्हवं?"

"जोड फोडायचा नाही," मी म्हणालो.

नलिनीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झाला तुमचा पोपट," ती म्हणाली, पण तिचा आवाज चेष्टेचा नव्हता.

लग्नाचा दिवस

सकाळी नवरीला सजवत होते, त्या खोलीत पुरुषांना मज्जाव होता. पण चष्मा विसरल्याचं निमित्त करून मी दारापर्यंत गेलो, आणि नलिनीने मला तिथेच उंबऱ्याशी उभं राहू दिलं.

काकी आत होत्या. कुणीतरी त्यांना पडवीतून उठवून आणलं होतं, आणि त्या अवघडून भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही झुबे पुढे केले. "घे गं. आता जोड झालाय. दोनी घाल, तुझ्या मैत्रिनी कायबी म्हनायच्या न्हाईत."

प्रतीक्षाने नव्या सेटमधलं कानातलं काढून डबीत ठेवलं. 'च' असलेला झुबा उचलला आणि आरशात बघून डाव्या कानात घातला. मग उठली, दुसरा झुबा घेऊन काकींसमोर उभी राहिली.

"हा तुझा, आजी."

"मला? आज? येडी का काय तू! लोक काय म्हनतील?"

"लग्न माझं," प्रतीक्षा म्हणाली. "कान तुझा."

खोलीतली एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. सुरेखाताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती बांगड्या चाचपू लागली. मग काकींनी हात वर नेला आणि उजव्या कानातली केरसुणीची काडी हळूच ओढून काढली. तिथलं भोक बारीकसं, पण शाबूत होतं. प्रतीक्षाने त्यात झुबा अडकवला. लाल मणी काकींच्या सुरकुतलेल्या मानेवर हलले, आणि त्यांनी मान जराशी हलवून ते पुन्हा हलवून बघितले.

मंगलाष्टकांना काकी पुढच्या रांगेत होत्या. मी अक्षता टाकल्या त्यातल्या निम्म्या बहुधा त्यांच्याच अंगावर पडल्या. जेवणं झाली, बुंदी मनसोक्त झाली, माझी पिवळी पँट सगळ्यांनी पाहून झाली. मखमली डबीतला सेट संध्याकाळी स्वागत समारंभाला घालीन, असं प्रतीक्षाने मला कबूल केलं होतं, आणि मी ते आनंदाने मान्य केलं होतं. माझ्या खिशातल्या डबीत, जिथे इतकी वर्षं शेपटी होती, तिथे नलिनीने करवंदं भरली होती.

निघण्याआधी घरच्यांचा फोटो काढायचा ठरला. फोटोग्राफर पुण्याचा, जीन्सवाला, घाईतला. त्याने नवरा-नवरीला मध्ये उभं केलं, काकींना नवरीच्या शेजारी. कॅमेरा डोळ्याला लावला, आणि परत खाली घेतला.

"एक मिनिट. आजी, तुमचं एका कानातलं पडलंय का? नवरीचं पण एकच दिसतंय."

काकींनी पदर सारखा केला. मान थोडी उजवीकडून पुढे केली, म्हणजे झुबा नीट दिसेल.

"न्हाई रं बाबा," त्या म्हणाल्या. "आमच्यात एकच घालत्यात."